जन्माचा सोबती मधुमेह : पथ्य आणि आशा

काही रोग पाहुण्यासारखे येतात. हिवताप, गोवर, पडसे यांचा मुक्काम ठराविक दिवसांचा असतो. औषधाने म्हणा किंवा शरीराच्या अंगभूत शक्तीने म्हणा, ते एके दिवशी निघून जातात आणि रोगी पूर्ववत होतो. काही रोग मात्र एकदा घरात शिरले की घरचेच होऊन बसतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे जुनाट विकार हे या दुसऱ्या जातीचे होत. अशा रोगांवर वैद्य जो उपचार करतो तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घडतो. खरा उपचार दररोज, दिवसातून तीन-चार वेळा, स्वयंपाकघरात आणि पानावर होत असतो. तो वर्षानुवर्षे न कंटाळता चालू ठेवावयाचा असल्यामुळे रोग्याच्या मनाची स्थिती हीही उपचाराचाच एक भाग ठरते.

येथे मधुमेहाचे उदाहरण घेऊन आहार आणि आशा या दोहोंचा विचार करावयाचा आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातील सुमारे १० कोटी १० लाख प्रौढ स्त्रीपुरुषांस मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या घरी एकही मधुमेही नाही असे घर शहरांतून शोधून काढावे लागेल, अशी ही स्थिती आहे.

मंडालेचा कैदी

महाराष्ट्रात मधुमेहाचा सर्वांत प्रसिद्ध रोगी कोण, असे विचारल्यास लोकमान्य टिळकांचे नाव घ्यावे लागेल. २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली, तेव्हा त्यांच्या वयाला बावन्न वर्षे पुरी होण्यास एक दिवस उरला होता. मधुमेह त्यांच्या मागे लागलेला होताच. मंडालेच्या तुरुंगातील लाकडी कोठडी, ब्रह्मदेशाचा उन्हाळा आणि घरच्या माणसांपासून तुटलेपण या परिस्थितीत त्यांना आपला रोग सांभाळावयाचा होता. त्या काळी मधुमेहावर गुणकारी असे एकही औषध जगात नव्हते. होते ते केवळ पथ्य. नेहमीच्या अन्नावर बंधने घालून घेणे, ठरलेल्या वेळी ठरलेलेच खाणे आणि दिवसाचा क्रम न मोडणे एवढेच काय ते त्यांच्या हाती होते. त्यांचा स्वयंपाक करण्यासाठी एक मराठी कैदी देण्यात आला होता.

याच काळात त्यांनी जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा खर्डा अवघ्या काही महिन्यांत शिसपेन्सिलीने लिहून काढला. जून १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची बातमी त्यांना तेथेच कळली. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले, १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९१६ मध्ये होमरूल चळवळ उभी राहिली, आणि पुढे त्यांनी इंग्लंडचा प्रवासही केला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. हे सारे केवळ पथ्यामुळे साधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रौढ वयात जडणारा मधुमेह पुष्कळदा मंद गतीने वाढतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. परंतु औषध नसतानाही मधुमेही मनुष्य शिस्तीच्या आहारावर आणि एखाद्या मोठ्या कामाच्या ओढीवर वर्षानुवर्षे कार्यक्षम राहू शकतो, याचे हे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे.

लोकमान्यांच्या निधनानंतर दीड वर्षही पुरे झाले नव्हते तोच कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो दिवस ११ जानेवारी १९२२ हा होय. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. या शोधाबद्दल फ्रेडरिक बँटिंग व जॉन मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्शुलिनच्या आधीचा काळ किती भीषण होता याची कल्पना एलिझाबेथ ह्यूज या अमेरिकन मुलीच्या हकिकतीवरून येते. १९१९ साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, तिला मधुमेह जडल्याचे निष्पन्न झाले. त्या काळचे नामांकित वैद्य फ्रेडरिक ॲलन हे अशा मुलांना जवळजवळ उपासमारीच्या आहारावर ठेवीत. त्यायोगे रोग बरा होत नसे, मृत्यू मात्र काही महिने किंवा वर्षे लांबत असे. एलिझाबेथ तीन वर्षे अशी जगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोस पोहोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन जेमतेम २० किलोग्रॅम होते. इन्शुलिन सुरू झाले आणि ती सावरली. पुढे तिने शिक्षण घेतले, संसार केला, आणि १९८१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती मरण पावली. उपाय हाती येईपर्यंत कसेबसे तग धरून राहणे हाही एक पुरुषार्थच आहे, असे तिच्या पहिल्या तीन वर्षांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

प्राचीन वैद्यांचे निरीक्षण

मधुमेह हा आधुनिक राहणीचाच रोग आहे, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे सविस्तर वर्णन असून ‘मधुमेह’ हे नावही तेथूनच आले आहे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे जन्मजात आणि आहारविहाराच्या दोषाने होणारा, असे दोन प्रकार मानले. चरकाने रोगी दोन प्रकारचे सांगितले, एक स्थूल आणि दुसरा कृश. कृश रोग्याचे पोषण करावे आणि स्थूल रोग्याची चरबी उतरवावी, असा भिन्न उपचारही सांगितला. प्रमेही रोग्यासाठी यव, म्हणजे ज्याला मराठीत सातू किंवा जव म्हणतात ते धान्य, प्रशस्त मानले गेले होते. जवात विद्राव्य तंतू विपुल असतात व त्यांमुळे रक्तातील साखर सावकाश वाढते, हे आजच्या प्रयोगांनीही दिसून आले आहे. मात्र प्राचीनांना इन्शुलिन ठाऊक नव्हते. जुन्या ग्रंथांत सूक्ष्म निरीक्षण आहे म्हणून इन्शुलिन सोडून केवळ काढ्यांवर विसंबणे प्राणघातक ठरू शकते, हेही येथेच सांगून ठेवणे बरे.

पाच ग्रॅमांचा तोल

निरोगी प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या सगळ्या रक्तात मिळून अवघी पाच ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज, खेळत असते. आता शंभर ग्रॅम तांदळाचा भात पाहा. त्यातील पिष्टमय पदार्थ ७५ ग्रॅमांहून अधिक भरतात, आणि पचनानंतर त्या साऱ्यांचे ग्लुकोज होते. म्हणजे रक्तात जेवढी साखर असावयास हवी तिच्या पंधरापट साखर एका जेवणातील एकाच पदार्थामधून दोन-तीन तासांत रक्तात उतरते. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर फारशी हलत नाही. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. ते स्नायूंच्या व चरबीच्या पेशींची दारे उघडून ग्लुकोजला आत घेते, आणि यकृताला ‘आता तू साखर सोडू नकोस’ असा निरोप देते. धरणात पूर आला तरी कालव्यातील पाणी ठरल्या पातळीवर ठेवणाऱ्या दक्ष कालवेकऱ्याचे हे काम आहे.

हा कालवेकरी दोन प्रकारांनी निकामी होतो. मुलांत व तरुणांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. अशा रोग्याला बाहेरून इन्शुलिन घेण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचा रोग गोड खाल्ल्याने आलेला नसतो, आणि त्याच्या आईबापांना त्याबद्दल बोल लावणे हा निव्वळ अन्याय होय. दुसरा प्रकार फार मोठ्या संख्येने आढळतो. त्यात इन्शुलिन असते, परंतु पेशी त्याला दाद देत नाहीत; स्वादुपिंड अधिकाधिक स्राव पाठवीत राहते आणि पुढे थकते. यकृतात आणि पोटाच्या आतील भागात साचलेली चरबी हे याचे एक प्रमुख कारण आहे.

भारतीय माणूस या बाबतीत थोडा वेगळा आहे, आणि हे दाखवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुण्याकडे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या काही खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरले. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती. स्नायू व पोटातील अवयव तर विशेषच लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आपले मूल दिसावयास कृश, पण घडणीने चरबीयुक्त असते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीराची मापे एका छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के! अधिक चरबी कोणाची, हे सांगावयास नकोच. ‘मी तर किडकिडीत आहे, मला कसला मधुमेह’ या म्हणण्यात किती तथ्य आहे ते यावरून कळून येईल. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा, असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात ते याच कारणास्तव.

पानात काय वाढावे

नवी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे सदन उभे राहीपर्यंत कामानिमित्त राजधानीत येणारी मराठी माणसे कित्येक दशके येथेच उतरत. बदलीच्या नोकरीमुळे दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्याही लहान नाही. अशा कुटुंबांच्या पानात दोन प्रांतांचे अन्न एकत्र येते. सकाळी पोहे किंवा पराठे, दुपारी पोळी-भाजीच्या जोडीला वरणभात, हिवाळ्यात गाजराचा हलवा, सणाला पुरणपोळी आणि शेजाऱ्यांकडून आलेली मिठाई. दोन्ही प्रांतांच्या खाण्यात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे धान्याचा वरचष्मा. वर उल्लेखिलेल्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असे आढळले, आणि त्यांतही पॉलिश केलेला तांदूळ, दळलेला गहू व साखर यांचाच भरणा अधिक. प्रथिने मात्र उपेक्षित राहतात.

मधुमेह्याच्या पथ्याचा गाभा येथेच आहे. साखर बंद केली की पथ्य झाले, असे पुष्कळांना वाटते आणि मग बिनसाखरेचा चहा घेऊन तीन वाट्या भात बिनदिक्कत खाल्ला जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्य सुमारे २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेलतूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचविले आहे. हे निरोगी माणसासाठी असले तरी मधुमेह्यानेही त्याच दिशेने जावयाचे असते. भाज्यांचे वजन धान्याहून जास्त! आपल्या पानात डाव्या बाजूला चिमूटभर वाढली जाणारी कोशिंबीर आणि उजव्या बाजूची वाटीभर भाजी यांना मुख्य जागा द्यावी आणि भाताची मूद खरोखरच मुदीएवढी ठेवावी, इतका सोपा याचा अर्थ आहे. पान तेच, पदार्थही तेच. बदलावयाचे आहे ते प्रमाण.

यासाठी परदेशी धान्ये विकत आणण्याची गरज नाही. मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठले, मेथीची डाळ घालून केलेली भाजी, अळूचे फदफदे, काकडीची कोशिंबीर, ताक, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ प्रथिने आणि तंतू यांनी संपन्न आहेत. तंतू अन्नाला आतड्यांत सावकाश पुढे जाऊ देतात आणि त्यामुळे ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरते. कोणते अन्न रक्तातील साखर किती वेगाने वाढविते हे मोजण्याची पद्धत टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली मांडली. त्या मोजणीत कडधान्ये अगदी खालच्या, म्हणजे हितकारक, श्रेणीत येतात.

ज्वारीच्या भाकरीविषयी मात्र दोन शब्द स्पष्ट सांगणे जरूर आहे. भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही, अशी दृढ समजूत महाराष्ट्रात आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही पिष्टमय पदार्थ ७० ग्रॅमांच्या आसपास असतातच. तांदळाहून तिच्यात तंतू तिपटीने अधिक, म्हणून ती निश्चित सरस. पण चार भाकऱ्या त्या चारच. गुळाचीही गोष्ट तशीच. गूळ बहुतांशी साखरच आहे, आणि त्यातील लोहाच्या लोभाने मधुमेह्याने तो खाणे म्हणजे कवडीसाठी रुपया मोडणे होय. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नसतात. त्यापेक्षा राजगिरा, दही, शेंगदाणे आणि एखादे फळ हा फराळ बरा.

इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास वैद्याला विचारल्याविना करू नये. औषध घेतले आणि अन्न पोटात गेले नाही तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमांच्याही खाली जाते. अंग कापू लागते, घाम सुटतो, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते, आणि वेळीच उपाय न झाल्यास रोगी बेशुद्ध पडतो. अशा वेळी पथ्य बाजूस ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावयास द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आणखी एक सूचना. एकाचे पथ्य दुसऱ्याने उसने घेऊ नये. ज्यांच्या मूत्रपिंडाचे काम मंदावले आहे त्यांना डाळी, काही फळे व भाज्या यांवरही मर्यादा घालाव्या लागतात. शेजारच्या काकांना मानवले म्हणून आपल्यालाही मानवेल, हा न्याय जुनाट रोगांत चालत नाही.

पथ्य कोणाच्या हाती

पथ्याविषयी लिहिताना एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. घरातील पुरुष मधुमेही असला म्हणजे त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते, वेळेवर पान वाढले जाते, औषधाची आठवण केली जाते. घरातील गृहिणीच मधुमेही असली तर? ती सर्वांना वाढून शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते आणि उरलेला भात ‘वाया जाऊ नये’ म्हणून तिच्याच पानात येतो. वेळ टळल्यामुळे कधी साखर उतरते, तर उरलेसुरले खाल्ल्यामुळे कधी चढते. अशा घरात वैद्याने कितीही उत्तम आहारपत्रक लिहून दिले तरी ते भिंतीवर लटकत राहील. सर्वांनी एकत्र जेवणे, किंवा निदान तिचे पान आधी वाढून ठेवणे, हा येथे औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार ठरतो. शिवाय घरात एकासाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे असे दोन स्वयंपाक करण्याचेही कारण नाही. मधुमेह्याला जे हितकर, ते रोगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या मुलाबाळांनाही हितकरच आहे.

आग्रहाची प्रथा हाही एक अडथळा आहे. ‘एका जिलबीने काय होते’ असे म्हणणारा यजमान प्रेमापोटीच तसे म्हणत असतो. पण ज्याला आयुष्यभर अशा हजारो जिलब्यांना नाही म्हणावयाचे आहे त्याचा तो अकारण शीण वाढवितो.

आशा कशाची धरावी

मधुमेह झाला असे कळताच माणसे साधारणतः दोन टोकांना जातात. काहीजण सर्व संपले असे समजून पथ्यपाणी सोडून देतात. काहीजण आठ दिवसांत रोग मुळासकट उपटून टाकणाऱ्याच्या शोधाला लागतात. दुसऱ्या वर्गाच्या जिवावर भोंदू वैद्यांचा धंदा पूर्वापार चालत आला आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय या संबंधीच्या केंद्रीय कायद्याने ज्या रोगांच्या उपचाराच्या जाहिराती करण्यास मनाई केली, त्यांच्या यादीत मधुमेहाचा समावेश आहे. कायदा असूनही अशा जाहिराती सर्रास दिसतात, ही खेदाची गोष्ट होय.

या दोन टोकांच्या मध्ये आशेला सुदैवाने भक्कम आधार आहे. इंग्लंडमध्ये १९७७ साली आरंभ होऊन १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात मधुमेहाचे नव्यानेच निदान झालेल्या ५,१०२ रोग्यांची नोंद करण्यात आली होती. ज्यांची साखर अधिक कसोशीने आटोक्यात ठेवली गेली त्यांच्यात डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने कमी झाले. दोन गटांतील तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीतील फरक एका टक्क्याहूनही थोडा कमी होता! तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्यांतील रक्तद्रव्याला किती साखर चिकटली यावरून ही सरासरी काढतात. थोडक्या सुधारणेचे फळ एवढे मोठे असेल, तर ‘पूर्ण बरे होत नाही, मग काय उपयोग’ हा प्रश्न उरतच नाही.

त्याहून अलीकडचा प्रयोग ब्रिटनमध्येच झाला व त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात जाहीर झाले. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या स्थूल रोग्यांना काही महिने अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर वैद्यकीय देखरेखीखाली ठेवण्यात आले. वर्षाअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के रोग्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक उतरले त्यांच्यात तर ते ८६ टक्के भरले. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, आणि वजन परत वाढले तसा रोगही परतला. म्हणून याला रोगमुक्ती न म्हणता रोगाने घेतलेली माघार म्हणणे योग्य. स्वादुपिंडाच्या पेशी वाटत होत्या तितक्या मेलेल्या नसून पुष्कळशा केवळ थकलेल्या असतात, हे या प्रयोगाने दाखविले. सर्वांनाच हे साधेल असे नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याने तर हा मार्ग मुळीच चोखाळू नये.

आशा या शब्दाचा शास्त्रीय अर्थ लावण्याचा प्रयत्नही झालेला आहे. अमेरिकेतील कान्सास विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ साली मांडलेल्या विचारानुसार आशा म्हणजे सारे ठीक होईल असे वाटणे नव्हे. एखादे निश्चित उद्दिष्ट, तेथे पोहोचण्याचे एकाहून अधिक मार्ग, आणि आपल्या हातून हे होईल हा विश्वास, अशी तीन अंगे तिला असतात. ‘माझा मधुमेह जावो’ ही झाली इच्छा. ‘येत्या तीन महिन्यांत रात्रीचा भात अर्धा करीन आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालेन, पाऊस असला तर घरातल्या घरात चालेन’ ही झाली आशा. हिची परीक्षा तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत होते, आणि एक उद्दिष्ट साधले की पुढच्याचे बळ येते.

तरीही कित्येकांचे मन खचतेच. मधुमेह्यांत विषादाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते असे आढळले आहे, आणि त्यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. झोप न लागणे, कशातही रस न वाटणे, औषध घ्यावयाचा कंटाळा येणे ही त्याची लक्षणे होत. अशांना नुसता ‘धीर धरा’ असा उपदेश करून भागत नाही. दिल्लीसह भारतातील चार शहरांतील रुग्णालयांत मधुमेह आणि विषाद या दोहोंनी ग्रस्त अशा ४०४ रोग्यांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रोग्यांसाठी प्रशिक्षित साहाय्यक नेमले होते. ते रोग्याशी नियमितपणे बोलत, त्याच्या अडचणी समजून घेत, आणि मधुमेहाचे व मनोविकाराचे तज्ज्ञ त्या माहितीवरून उपचारांत बदल सुचवीत. दोन वर्षांनी मनाच्या व शरीराच्या अशा दोन्ही बाजूंनी ठरविलेली सुधारणा या गटातील सुमारे ७२ टक्के रोग्यांत, तर नेहमीच्या उपचारांवरील गटातील सुमारे ५७ टक्के रोग्यांत दिसून आली. कोणीतरी नेमाने चौकशी करतो ही साधी गोष्टही उपचारात मोजता येण्याजोगी भर घालते, असा याचा अर्थ होतो. मोठ्या रुग्णालयांत गर्दी फार. तेव्हा हे काम पुष्कळ ठिकाणी घरच्या माणसांनी, ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी आणि शाळेत शिक्षकांनीच करावयाचे आहे.

शाळेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल दिवसातून चार-पाच वेळा बोटाला टोचून साखर पाहते आणि इन्शुलिन टोचून घेते. वर्गात ते मध्येच खाऊ लागले तर तो उद्धटपणा नसतो, आणि वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागितली तर ती टाळाटाळ नसते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली दहावी-बारावीच्या परीक्षेस बसणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ व पाणी परीक्षागृहात नेण्याची परवानगी दिली. वर्गशिक्षकाने इतके करावे. खेळाच्या तासाआधी त्या मुलाने काही खाल्ले आहे की नाही ते पाहावे. त्याला खेळातून वगळू नये, कारण व्यायाम त्याला इतरांपेक्षा अधिक हवा असतो. त्याच्या पालकांचा दूरध्वनी क्रमांक वर्गात नोंदवून ठेवावा, आणि खडूच्या डब्याशेजारी साखरेची एक लहानशी पुडी नेहमी असू द्यावी.